सावकाश जा म्हणजे नेमकं किती?

नमस्कार मंडळी, कसे आहात? आज बोलायचंय ते घरातल्या सोळा-सतरा-अठराच्या पोरापोरींबद्दल, जी नुकतीच गाडी चालवायला लागलीत किंवा लागणारेत, आणि खरं सांगू का, त्यांच्यापेक्षा जास्त तुमच्या-माझ्याबद्दल.

आपण काय करतो, पोरगं किल्ली घेऊन निघालं की दारातून ओरडतो, सावकाश जा रे! तेही न बघता हो म्हणतं. झालं आपलं शिक्षण. पण सावकाश म्हणजे किती, हे ना आपण सांगतो ना त्याला कळतं. त्याच्या लेखी ६० म्हणजे सावकाशच की, मित्र तर ८० ने जातात!

म्हणून मी माझ्या भाच्याला लेक्चर द्यायचं सोडलं आणि एका रविवारी टेप आणि खडू घेऊन मोकळ्या मैदानात नेलं. गाडी घरीच ठेवली. ४० च्या स्पीडला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, ६० ला जवळपास १७. आता समोर अचानक कुणी आडवं आलं तर ते दिसून, डोक्यात शिरून, ब्रेक दाबला जाईपर्यंत दीड सेकंद तरी धरा. कोरडा रस्ता, ब्रेक चांगले, तर ४० वाली गाडी साधारण २६ मीटरवर थांबते. तिथे खडूने रेघ मारली. मग ६० चा हिशोब त्यालाच करायला लावला. त्या दीड सेकंदातच २५ मीटर गेले! म्हणजे पहिली गाडी जिथे थांबून उभी आहे तिथे दुसरीचा ब्रेक आत्ता कुठे लागतोय, आणि रेघेवर कुणी उभं असेल तर त्याला जवळजवळ ६० नेच धडक. भाचा रेघेकडे बघत राहिला, मग म्हणाला मामा परत मोज. परत मोजलं, तेवढंच आलं. अपघाताचे भयानक व्हिडिओ दाखवून हे होत नाही हो, पोरं दोन मिनिटं गप्प बसतात आणि तिसऱ्या मिनिटाला हे आपल्याला होणार नाही म्हणून मोकळी. (आपणही त्या वयात तसेच होतो, उगाच कशाला नाटक.)

दुसरं म्हणजे मित्र. एकटा असताना नीट चालवणारा मुलगा मागे दोघं-तिघं बसले की बदलतो, कुणी चल रे दाब ना म्हणायचीही गरज नसते. म्हणूनच काही देशांत नवीन लायसन्सवाल्याला सुरुवातीचे काही महिने रात्री उशिरा चालवायला आणि मित्रांना बसवायला बंदी असते, न्यूझीलंडने तर असे नियम १९८७ मध्येच आणले. तुमच्याकडे नसेल कायदा तर घरात करा, पहिले सहा महिने मित्र नाहीत, बस्स. पोरं चिडतील. चिडू देत.

हेल्मेट, बेल्ट यावर जास्त बोलत नाही, ते तुम्हाला माहितीये, फक्त हेल्मेटचा पट्टा लावलाय का ते बघा, नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट पडताना आधी उडतं.

आणि आता आपली खोड. पोरगं गाडीवर आहे हे माहीत असून फोन कोण करतं? आपणच! कुठे पोचलास, येताना दूध आण. ९० च्या स्पीडला पाच सेकंद स्क्रीनकडे बघितलं तर गाडी १२५ मीटर आंधळी जाते, आणि त्या स्क्रीनवर नाव असतं आई नाहीतर बाबा. उचलला नाही तर संध्याकाळी बोलणी, म्हणून ते उचलतं.

परवा मीच भाच्याला फोन केला, तीनदा, उचलला नाही. जीव नुसता वरखाली. वीस मिनिटांनी त्याचा आला, मामा गाडी चालवत होतो, बोल. तोंडावर आलेली शिवी गिळली आणि म्हटलं, काही नाही रे, जेवलास का?