नकाशा नंतर, आधी मोजणी

मंडळी, दुकानं-कार्यालयांच्या इमारतीची परवानगी रखडली की आपण म्हणतो, फाइल टेबलावर पडून आहे. पण बहुतेक फायली जमिनीच्या कागदांत अडकतात.

फळ्यावरचं उदाहरण बघा. सातबाऱ्यावर २० आर, म्हणजे २,००० चौरस मीटर. मोजणीत भरले १,९३०. छाननीत कमी आकडा धरतात, म्हणजे ७० चौरस मीटर गेले. मूळ एफएसआय (जमिनीच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) १.१० धरला, तर ७७ चौरस मीटर बांधकाम कमी. अनिवासी वापराला प्रीमियम भरून ८० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र मिळतं, तेही त्याच प्रमाणात घटतं. एकूण फटका १३८.६ चौरस मीटरचा, म्हणजे चार-पाच दुकानं. हे आराखडा पूर्ण झाल्यावर कळलं, तर कॉलमच्या जागांपासून सगळं नव्यानं मांडावं लागतं. त्यासाठी पहिला अर्ज भूमी अभिलेखकडे करा, 'क' प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) हातात घ्या आणि हद्दीच्या खुणा जागेवर उभं राहून बघा.

दुसरा कागद झोन दाखला, म्हणजे जमीन कोणत्या विभागात येते ते सांगणारा, सोबत विकास आराखड्याचा भाग नकाशा. नुसतं 'निवासी' वाचून थांबू नका आणि घाबरूही नका. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीत (ती मुंबईला लागू नाही) निवासी विभागातही व्यापारी वापर चालतो, पण किती चालेल ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. गावठाणाबाहेर १२ मीटरच्या खालचा रस्ता असेल, तर वाव बराच आक्रसतो. शिवाय आजची रुंदी आणि आराखड्यातली रुंदी वेगळी असू शकते. १२ चा रस्ता १८ चा होणार असेल, तर दोन्ही बाजूंनी ३ मीटर जातात. तुमचं तोंड ४० मीटरचं असेल तर १२० चौरस मीटर गेले. त्याचा मोबदला एफएसआय किंवा टीडीआरमध्ये (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळतो, पण पुढचं मार्जिन (इमारतीपुढे मोकळी सोडायची जागा) नव्या रेषेपासून मोजतात. तळघराचा रॅम्प बसेनासा होतो तो इथेच: उतार १:१० धरला, तर ३ मीटर खाली उतरायला ३० मीटर लांबी लागते.

साठ दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असं मानतात, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या ४५ व्या कलमात ते आहे खरं. पण त्रुटीपत्र आलं की दिवस तुमच्या उत्तरापासून मोजले जातात आणि नकाशा नियमात तंतोतंत बसलेला लागतो. नसेल, तर ते बांधकाम अनधिकृतच ठरतं. त्या भरवशावर पाया खणू नका.

प्रारंभ प्रमाणपत्राची, म्हणजे बांधकाम सुरू करायच्या परवानगीची, मुदत एक वर्ष. पुढे दरवर्षी नूतनीकरण, तेही जास्तीत जास्त तीन वर्षं. जोत्यापर्यंत काम आलं की तपासणी करून घ्या, मगच पुढचा मजला. कॉलम १५ सेंटिमीटर मार्जिनमध्ये सरकला असेल, तर जोत्याला दुरुस्ती निघते. स्लॅब टाकल्यावर निघत नाही.

भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायची परवानगी) अडतं ते बहुतेक बाजूच्या मार्जिनमध्ये. अग्निशमन दलाच्या गाडीसाठी सोडलेल्या ६ मीटरच्या वाटेत ट्रान्सफॉर्मर नाहीतर पहारेकऱ्याची खोली उभी असते, कारण मंजूर नकाशात त्यांना जागाच ठेवलेली नसते. आणि दलाचा अंतिम दाखला ती वाट मोकळी झाल्याशिवाय मिळत नाही. म्हणून वीज कंपनीशी आधीच बोला आणि ट्रान्सफॉर्मर पहिल्याच नकाशात दाखवा.