तराफ्यावरचा पाण्याचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

२३ नोव्हेंबर १९४२ या एकाच दिवशी दोन महासागरांत दोन जहाजं बुडाली. मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेली ‘तिलावा’ ही आगबोट जपानी पाणबुडीने हिंदी महासागरात बुडवली. २८० माणसं गेली. वाचलेल्यांपैकी बहुतेकांना दोन दिवसांनी एका ब्रिटिश युद्धनौकेने उचललं. दुसरं जहाज ‘बेनलोमंड’. ते अटलांटिकमध्ये जर्मन टॉर्पेडो लागून काही मिनिटांत तळाला गेलं. त्यावरचा एकच माणूस जगला: चीनच्या हैनान बेटावरचा पून लिम, हुद्द्याने साधा स्टुअर्ड, म्हणजे जहाजावरचा वाढपी. तो तराफ्यावर १३३ दिवस तगला. त्याच्या धैर्याबद्दल पुष्कळ बोललं गेलंय. आपण त्याच्या पाण्याकडे बघू.

तराफा लाकडी, जेमतेम आठ फूट चौरस. त्यावर बिस्किटांचे डबे, थोडं चॉकलेट, साखर, टॉर्च आणि सुमारे चाळीस लिटर गोडं पाणी. दिवसाला अर्धा लिटर धरलं तर एकट्याला ऐंशी दिवस पुरेल एवढं. त्याच तराफ्यावर दहा जण असते, तर आठ दिवसांत खडखडाट.

मग भोवती एवढा समुद्र असताना तो का नाही प्यायचा? त्याच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आपलं मूत्रपिंड लिटरभर लघवीतून फार तर वीसेक ग्रॅम बाहेर टाकू शकतं. म्हणजे एक लिटर प्यालात, तर ते मीठ काढायला पावणेदोन लिटर लघवी हवी. वरचं पाऊण लिटर अंगातूनच जातं. आधी जुलाब, मग भ्रम. जुलै १९४५ मध्ये ‘इंडियानापोलिस’ ही युद्धनौका बुडाल्यावर अमेरिकन खलाशी चार दिवस पॅसिफिकमध्ये तरंगत होते. खारं पाणी प्यालेल्यांपैकी काहींना खाली जहाज दिसू लागलं, त्यावर गोडं पाणी आहे असं वाटून त्यांनी बुड्या मारल्या.

पून लिमने पावसाचं पाणी धरलं ते लाइफ जॅकेटच्या कॅनव्हासवर. इथे एक खुबी आहे. उन्हात वाळलेल्या कापडावर मिठाचा थर बसलेला असतो, त्यामुळे पहिल्या सरीने कापड धुऊन ते पाणी फेकायचं आणि मगच भांडं खाली धरायचं. हातचं पाणी गेलं, या हळहळीने लोक नेमकं तेच पितात.

टॉर्चमधली तार वाकवून त्याने गळ केला. दोर उसवून त्याचे धागे काढले, बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याची सुरी केली. मोठ्या माशासाठी फळीतला खिळा उपटून वाकवला. मासे चिरून दोरीवर वाळत घातले. एका वादळाने सुकट नासली, साठवलेलं पाणी खारं झालं. तेव्हा त्याने समुद्रपक्षी धरला आणि त्याचं रक्त पिऊन तहान भागवली. साठा नेहमी दोन जागी, झाकून ठेवावा, तो यासाठी. पुढे पक्ष्याचं मांस लावून त्याने लहानसा शार्कही धरला आणि त्याच्या यकृतातलं रक्त शोषलं. एप्रिल १९४३ मध्ये ब्राझीलच्या कोळ्यांनी त्याला उचललं, तेव्हा तो आपल्या पायांनी चालत होता.

आजच्या नियमांनुसार फुगवायच्या तराफ्यात माणशी दीड लिटर पाणी असतं, लाइफबोटीत तीन लिटर. जखमी सोडून कुणालाही पहिले चोवीस तास पाणी द्यायचं नाही. तेव्हा शरीर भरलेलं असतं, दिलेलं पाणी सरळ लघवीवाटे जातं. त्यानंतर रोज अर्धा लिटर, दोन-तीन वेळा वाटून. दिवसा कपडे समुद्राच्या पाण्याने ओले ठेवायचे, म्हणजे घाम कमी येतो. संध्याकाळपूर्वी ते वाळू द्यायचे, नाहीतर रात्री हुडहुडी भरते. सामानात मासेमारीचा गळ-दोरही असतो. पण प्यायला पाणी नसेल, तर मासा हाती लागूनही खायचा नाही. प्रथिनं पचली की युरिया हा टाकाऊ पदार्थ तयार होतो, आणि तो बाहेर टाकायला पुन्हा पाणीच लागतं.