गूळपाणी आणि कहवा

नमस्कार मंडळी.

कार्यकारिणीने मला शेजारधर्मावर बोलायला सांगितलं. विषय मोठा आहे, मी तो पेल्यापुरताच धरणार आहे. मस्कतमध्ये ओळखीचं रूपांतर घरोब्यात होताना मी पाहिलंय ते तिथूनच.

ओमानी घरी गेलं की आधी खजूर, मग कहवा, म्हणजे अरबी कॉफी. यजमान डाव्या हातात दल्ला धरतो, म्हणजे ती चोचीची किटली, आणि उजव्या हाताने फिंजान, म्हणजे बिनकानाचा छोटा पेला, पुढे करतो. त्यात कहवा जेमतेम पाव भागच असतो. थोडा ओतायचा, संपला की पुन्हा ओतायचा. त्यामुळे यजमानाची नजर पाहुण्यावरून हलत नाही, आणि मला वाटतं खरा पाहुणचार त्या नजरेत आहे. पुरे झालं की फिंजान हलकेच हलवून परत द्यायचा. नाही हलवला, तर पुन्हा भरून येणार! एक तरी घ्यावा, तीनच्या पुढे सहसा जाऊ नये, असा रिवाज. २०१५ मध्ये युनेस्कोने या कहव्याची नोंद मानवी वारशाच्या यादीत केली, तीही ओमान, सौदी अरेबिया, अमिराती आणि कतार या चौघांच्या नावाने एकत्र.

कहव्यात साखर नसते. वेलदोड्याचा वास, जिभेवर कडवटपणा आणि तो सावरायला खजुराचा गोडवा. आपल्या गावाकडे उन्हातून आलेल्या माणसाच्या हातावर गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवतात, त्याच जातीची ही माया आहे. नाव-गाव, काम काय काढलंत, हे सगळं मागाहून.

पण मंडळी, आपल्याच इतिहासातली एक गोष्ट आज सांगायलाच हवी. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला शहरातली नामांकित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. व्याख्यानानंतर मिशनऱ्यांनी चहा पुढे केला. काहींनी घेतला, काहींनी मान राखण्यापुरता हाती धरून बाजूला ठेवला. डॉ. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी ती नावं छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्त चुकलं नाही. कशासाठी, तर परधर्मीयाच्या घरच्या चहासाठी.

आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं, ते काय तहान भागवायला? ज्याच्या हातचं आपण पितो, ज्याच्या पाणवठ्यावर आपण उतरतो, त्याची आपली बरोबरी ठरते. हे आपल्या लोकांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर त्यावर एवढा संघर्ष झाला. ज्यांच्या पूर्वजांना पाणी वरून ओतलं जायचं, अशीही घरं आज या सभागृहात आहेत.

म्हणून मला मनापासून वाईट वाटतं, जेव्हा आपल्यातलं एखादं कुटुंब इथे वर्षानुवर्षं राहतं आणि शेजारच्या ओमानी घराचा उंबरा ओलांडत नाही. मनात आकस नसतो, नुसता संकोच असतो. तेही बोलवायला कचरतात, कारण आपल्याला काय चालतं हे त्यांना माहीत नसतं. कोणीतरी आधी दार उघडायला हवं. घरी बोलवा, कोकम सरबत द्या, उन्हाळ्यात पन्हं द्या. पन्ह्यातल्या वेलदोड्याची त्यांना वेगळी ओळख करून द्यावी लागणार नाही. रमजान असेल तर मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर, बोलवा. आणि त्यांच्याकडे गेलात, तर "नको नको" न करता पहिला फिंजान घ्या.

माझी सूचना एवढीच आहे: पुढच्या मेळाव्याला प्रत्येक घराने एक बिगरमराठी शेजारी सोबत आणावा. ओमानी असेल, मल्याळी, फिलिपिनो, कोणीही. सरबताची जबाबदारी मी घेतो. बाहेरच्या टेबलावर वही ठेवली आहे, किती जण येणार तो आकडा जाताना लिहून जा.