हेलसिंकी ते टोकियो: दोऱ्याने मोजलेली वाट

मंडळी, टेबलावर हा पृथ्वीगोल आहे आणि माझ्या हातात शिवणाचा दोरा. त्याचं एक टोक फिनलंडमधल्या हेलसिंकीवर धरतो, दुसरं जपानच्या टोकियोवर, आणि दोरा ताणतो. बघा कुठून गेला! टोकियो हेलसिंकीच्या जवळजवळ 25 अंश दक्षिणेला. तरी दोरा निघाला ईशान्येला, आर्क्टिक वृत्ताच्याही जरा वर चढला आणि मग सैबेरियावरून खाली उतरला. वर्गातल्या सपाट नकाशावर हीच वाट भलामोठा वळसा वाटते, कारण गोल पृथ्वी कागदावर पसरताना ध्रुवाकडचा भाग ताणला जातो. भूगोलात हिला बृहत् वृत्तावरची, म्हणजे गोलाचे बरोबर दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरची वाट म्हणतात. लांबी सुमारे 7,800 किलोमीटर.

ताशी 900 किलोमीटरने भागा: पावणेनऊ तासांच्या आत-बाहेर. चढणं, उतरणं, धावपट्टीपर्यंत रांगत जाणं धरून साडेनऊ. 2022च्या सुरुवातीपर्यंत प्रवासाला साधारण एवढाच वेळ लागायचा. आज लागतात सुमारे 13 तास. पृथ्वी तीच, विमानंही तीच. मग हे साडेतीन तास आले कुठून?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. शीतयुद्धाच्या काळात सैबेरियाचं आकाश पाश्चात्त्य विमानांना बहुतांशी बंद होतं. म्हणून 24 फेब्रुवारी 1957 रोजी एसएएस या स्कँडिनेव्हियन कंपनीने कोपनहेगनहून टोकियोला थेट उत्तर ध्रुवाकडून जायला सुरुवात केली. इंधनासाठी अलास्कात अँकरेजला थांबायचं. 1983मध्ये फिनएअर या फिनलंडच्या विमान कंपनीने तो थांबाही काढला. ध्रुव, मग अलास्का आणि रशिया यांच्यामधली बेरिंगची सामुद्रधुनी, मग टोकियो, एका दमात 13 तास. पुढे सैबेरिया खुला झाला आणि हेलसिंकीचं नशीब उघडलं. युरोपातून पूर्व आशियाला जाणारी सर्वांत जवळची वाट त्यांच्या अंगणातून जात होती, त्यावर फिनएअरने आपला धंदा उभा केला.

फेब्रुवारी 2022मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं. युरोपीय देशांनी रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं, रशियाने त्यांना आपलं. फिनएअरला पुन्हा ध्रुव आठवला. त्या प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र देतात, आणि मला ते फार आवडतं. कारण तिथून उडणं सोपं नाही. चुंबकीय होकायंत्र त्या भागात भरवशाचं राहत नाही, म्हणून दिशा खऱ्या उत्तरेवरून, उपग्रह आणि जडत्वमापक (विमानाची हालचाल स्वतःच मोजत राहणाऱ्या) यंत्रांच्या आधारे धरावी लागते. जेट ए-1 इंधन उणे 47 अंशांच्या आसपास गोठू लागतं. टाकीतलं तापमान फार उतरलं तर वैमानिक खाली, कमी थंड हवेत येतो किंवा वेग वाढवतो. विमानं कधी ध्रुवाकडून, तर कधी दक्षिणेकडून, मध्य आशियावरून जातात, कारण पश्चिमेकडे येताना जेट प्रवाहाचा, म्हणजे उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारा वारा समोरून झोंबतो आणि तो कुठे सौम्य आहे, हे रोज पाहावं लागतं.

आपल्याला हे परकं नाही. एप्रिल 2025मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. दिल्लीहून युरोपला निघालेली आपली विमानं तेव्हापासून आधी दक्षिणेला अरबी समुद्राकडे जाऊ लागली, आणि मग पश्चिमेला वळू लागली. दोरा इथे ठेवतोय. दिल्ली ते लंडन ताणून बघा, तो पहिल्यांदा कोणत्या देशावर टेकतो ते.