घोड्यावर बसवण्याआधी विचारा, उतरवणार कसं?

नमस्कार मंडळी. एकच रील मला इतक्या जणींनी पाठवलाय की आज त्यावर बोलायलाच हवं. परदेशातलं मैदान, हेल्मेट घातलेलं लेकरू, संथ चालणारा घोडा आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "घोड्याने चालायला शिकवलं." त्याखाली प्रत्येकीचा प्रश्न तोच: ताई, सोलापुरात होतं का हे? तुमचा मुलगा बसतो ना घोड्यावर?

हो, बसतो. जुन्या प्रेक्षकांना माहीत आहे, माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (सीपी) आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी आहे, दोन्ही पाय कडक आहेत, वॉकरवर चालतो. आधी सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून त्याला पुण्याला एका ठिकाणी नेत होतो. आता अक्कलकोट रोडला ओळखीच्यांच्या शेतावर आमच्या फिजिओ मॅडम आणि एक घोडेवाले मामा मिळून त्याची ही घोड्यावरची थेरपी घेतात. त्यांचा नंबर मागू नका. त्यांच्याकडे एकच घोडी आहे, आणि एका जनावराने दिवसात किती मुलं घ्यायची याला मर्यादा असते.

मूळ गोष्ट पटकन सांगते. घोडा चालतो तेव्हा त्याची पाठ पुढेमागे हलते, डावीउजवीकडे हलते आणि थोडी वळतेही. आपण चालतो तेव्हा आपली कंबर जवळजवळ अशीच हलते. ज्या मुलाला स्वतःच्या पायांनी ही हालचाल नीट मिळालीच नाही, त्याला ती घोड्याच्या पाठीवर मिळते, मिनिटाला शंभराच्या आसपास पावलं. घोड्याचं अंग साधारण ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्यापेक्षा जरा गरमच. त्या उबेने आवळलेल्या मांड्या सैल व्हायला मदत होते. म्हणून या थेरपीत घोडा चालतो. पळवायचा नसतो. फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट घोड्याची चाल वापरून उपचार करतात ती हिप्पोथेरपी, आणि प्रशिक्षक मुलाला त्याच्या कुवतीप्रमाणे घोडेस्वारी शिकवतात ते थेरप्युटिक रायडिंग. सीपी याने बरा होत नाही. बसण्याचा तोल आणि पाठ-मान धरणं यात फरक पडू शकतो. ऑटिझमच्या काही मुलांची चिडचिड कमी होते. घरचा व्यायाम आणि स्ट्रेचिंग चालूच ठेवायचं.

आता मुख्य विषय. मला विचारतात, कोणत्या वयात बसवावं, किती वेळ बसवावं, खोगीर कसलं, फी किती. कुणीही, अगदी एकीनेही, विचारलेलं नाही की मुलाला खाली कसं उतरवतात. आणि माझं ठाम म्हणणं आहे की एखादी जागा चांगली की वाईट हे फक्त उतरवण्यावरून ठरवा. चालताना सगळेच घोडे शहाणे दिसतात.

आधी मुलाच्या शरीराकडून बघू. (सोफ्यावरचा लोड आणि बाहुली कॅमेऱ्यासमोर घेते.) हा लोड म्हणजे घोडी. मूल वीस-पंचवीस मिनिटं पाय फाकवून बसलंय. मांड्या सैलावल्यात, पाठ दमलीय. अशा वेळी कुणी काखेत हात घालून "चल रे बाळा" म्हणत झटकन खाली ओढलं, तर कडक पायांच्या मुलाला स्पॅझम येतो, म्हणजे स्नायू एकदम आखडतात, पाय एकमेकांवर चढतात. आणि ज्याचे पाय सैल झालेत ते मूल जमिनीला टेकताच गुडघ्यातून बसतं. नीट पद्धत अशी. घोडी सपाट जागेवर थांबवायची. दोन्ही पाय रिकिबीतून (खोगिराला लटकणाऱ्या, पाय ठेवायच्या कड्यांतून) काढायचे. दोन्ही, आणि एक पाय हलवण्याच्या आधी. मग मुलाला पुढे झुकवायचं, उजवा पाय गुडघ्यात वाकवून सावकाश पाठीमागून डाव्या बाजूला आणायचा. आता मूल पोटावर आडवं आहे. कमरेला धरून त्याला खोगिरावरून घसरत घसरत खाली घ्यायचं. पाय जमिनीला लागले की थांबायचं. वॉकर लगेच पुढे करायचा नाही. पायांवर भार येऊ द्यायचा, मूल स्वतः उभं आहे असं हाताला लागलं की मग सोडायचं. ज्यांना पुढे झुकता येत नाही, ज्यांच्या खुब्याचा प्रश्न आहे, त्यांच्यासाठी थेरपिस्ट वेगळी पद्धत ठरवतात. ती पहिल्या दिवशी, घोड्यावर बसवायच्या आधी ठरलेली असली पाहिजे.

मध्येच एक कमेंट वाचते, कारण ती इथेच बसते. "ताई, ओढणीने खोगिराला बांधलं तर पडणार नाही ना?" कृपा करून कधीही बांधू नका. ओढणी, बेल्ट, साडीचा काठ, काहीच नाही. घोडा बुजला, घसरला किंवा खाली बसला तर बांधलेलं मूल त्याच्याबरोबर जातं, त्याच्याखाली जातं. मूल सुटून वेगळं होणं हीच त्याची सुरक्षा आहे. धरायला माणसं असतात, दोन बाजूंना दोन. त्यांचा हात मुलाच्या मांडीवरून आडवा जाऊन खोगिराची पुढची कड पकडतो. तिसरा माणूस घोड्याच्या डोक्याशी, आणि काहीही झालं तरी तो घोडा सोडून मुलाकडे धावत नाही. मुलाला बाजूची माणसं उतरवून घेतात, तो घोड्याला दूर नेतो. हे आणीबाणीचं उतरवणंसुद्धा आधी सराव करून बसवलेलं असतं. जिथे जाल तिथे विचारा, "दाखवता का एकदा?" जे चिडतील त्यांच्याकडे पुन्हा जाऊ नका.

आता घोड्याच्या बाजूने तीच गोष्ट. आमचे मामा एकदा म्हणाले, "ताई, थांबलेलं घोडं उभं असतंच असं समजू नका. ते विचार करत असतंय ओ." पाठीवरचं वजन एका बाजूला सरकलं की घोड्याला ते इशाऱ्यासारखं लागतं, तो एक पाऊल टाकतो. आपल्याला एक पाऊल काहीच वाटत नाही. पण त्या क्षणी मुलाचा एक पाय हवेत आणि दुसरा रिकिबीत अडकलेला असेल तर मूल फरफटत जाऊ शकतं. म्हणून दोन्ही पाय आधी बाहेर. परत सांगते, चालेल, वैतागा माझ्यावर. शिवाय तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, जरा सैल असला की उतरताना खोगीर एका अंगाला फिरतं. पलीकडच्या माणसाने त्या वेळी खोगीर दाबून धरायचं असतं. चढवायला रॅम्प वापरतात ते बरोबर, पण उभं राहू शकणाऱ्या मुलाला उतरवताना बहुतेक वेळा मोकळ्या जमिनीवरच घेतात, कारण रॅम्प आणि घोडा यांच्या फटीत पाय जायची भीती असते.

आणि तिसरी बाजू, आपण. आई-बाबा, आजी, आत्या. मी हे डोळ्यांनी बघितलंय, कुठे ते सांगणार नाही. फेरी छान झाली, मूल हसतंय, आणि उतरवायच्या वेळेलाच सगळे मोबाइल काढतात. "इकडे बघ बाळा, टाटा कर!" मूल वळतं, बाजूचा माणूस वळतो, धरलेला हात सैल होतो. मला याचा फार राग येतो. चढताना सगळे घाबरलेले असतात म्हणून नीट वागतात. उतरताना सगळ्यांना वाटतं संपलं. फोटो चालताना काढा, लांबून काढा. घोडा थांबल्यापासून मुलाचे पाय जमिनीवर स्थिर होईपर्यंत सगळ्यांचे फोन खिशात.

ज्यांना हे फार लहानसहान वाटतं त्यांच्यासाठी सांगते. लिस हार्टेल नावाच्या डेन्मार्कच्या बाई होत्या. १९४४ साली त्यांना पोलिओ झाला, गुडघ्याखाली पाय लुळे पडले. १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी घोडेस्वारीच्या ड्रेसाज प्रकारात (यात घोड्याच्या शिस्तबद्ध चालींना गुण मिळतात) रौप्यपदक जिंकलं, १९५६ ला पुन्हा रौप्य. घोड्यावर त्या जगातल्या भल्याभल्यांना मागे टाकत होत्या. पण घोड्यावर चढायला आणि उतरायला त्यांनाही माणूस लागायचा. जगभरात ही थेरपी पसरली त्यामागे त्यांचं उदाहरण मोठं आहे.

आता भराभर कमेंट्स. "वरातीची घोडी भाड्याने घेतली तर?" नको. वरातीच्या घोडीला ताशाच्या तालावर नाचायला, पाय उचलायला शिकवलेलं असतं. आपल्या गावात मिरवणुका कमी नाहीत, लांबून डीजे वाजला आणि ती नाचायला लागली तर? तिचा काही दोष नाही, तिला तेच शिकवलंय.

"अकलूजच्या बाजारात घोडा घेऊन घरीच करू का?" पंढरपूरकडच्या एका बाबांची कमेंट आहे. दादा, तुमची तळमळ कळते. आपला जिल्हा घोड्यावर प्रेम करणारा आहे. माळशिरस तालुक्यात रिंगणात माउलींचा अश्व धावला की त्याच्या टापांखालची माती आपण कपाळाला लावतो. पण रिंगणाचा घोडा आणि थेरपीचा घोडा यांची कामं वेगळी. बाजारात उंच, देखणा मारवाडी घोडा डोळ्यात भरतो. तोच आपल्यासाठी अडचणीचा, कारण बाजूच्या माणसाचा हात मुलाच्या कमरेपर्यंत आरामात पोचला पाहिजे. आपल्याकडे धनगरांसोबत चालणारी भीमथडी तट्टं बुटकी असतात, तशी उंची बरी. आणि घोडा घेतला तरी थेरपिस्ट आणि तीन शिकलेली माणसं घरात कुठून आणणार?

"बाबांनी मागे बसून धरलं तर?" तेही नको. मोठं वजन घोड्याच्या नाजूक कमरेवर येतं, मूल बाबांवर रेलून बसतं म्हणजे त्याचा स्वतःचा तोल कामाला लागतच नाही, आणि पडायची वेळ आली तर बाबा मुलावर पडतात. उतरवताना आधी कोण उतरणार, हाही प्रश्न आहेच.

"हेल्मेट क्रिकेटचं चालेल का?" नाही, घोडेस्वारीचंच, हनुवटीखाली पट्टा आवळलेला. बुटाला थोडी टाच हवी, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. धनुर्वाताची लस झालेली हवी, तबेल्यात लिदीचा संबंध येतो. आणि एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत सगळं आटपायचं. आपलं ऊन मुलालाही सोसत नाही आणि जनावरालाही.

कुणाला बसवायचं नाही, हे मात्र सावकाश ऐका. दोन वर्षांच्या आतलं मूल नाही. फिट्स आटोक्यात नसतील तर नाही. खुबा निखळलेला किंवा निखळू लागलेला असेल तर आधी ऑर्थोपेडिक डॉक्टर. सीपीच्या कडक पायांच्या मुलांत हे बऱ्याचदा दुखत नाही, म्हणून कळत नाही, म्हणून खुब्याचा एक्स-रे. पाठीचा कणा फार वाकलेला, हाडं ठिसूळ, नुकतंच ऑपरेशन झालेलं, घोड्याच्या केसांची किंवा धुळीची ॲलर्जी, दम्याचा जोर, अशा सगळ्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. "माझ्या ओळखीचे घोडेवाले म्हणाले चालतंय" हे उत्तर नाही.

आणि बार्शीच्या ताई, तुमची कमेंट मी राखून ठेवली होती. तुमची मुलगी चार वर्षांची आहे, डाऊन सिंड्रोम आहे, आणि तिला प्राणी फार आवडतात. या मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके कधीकधी सैल असतात. घोड्याच्या धक्क्यांनी तिथल्या मज्जारज्जूला इजा होऊ शकते. म्हणून डॉक्टरांनी मान तपासून, ते सांगतील तर एक्स-रे काढून, लेखी होकार दिल्याशिवाय घोड्यावर बसवू नका. हात-पायांची ताकद अचानक कमी झाली, मान वाकडी धरायला लागली, लघवीवरचा ताबा गेला, तर घोड्याचा विषय बाजूला, त्याच दिवशी डॉक्टर. पण होकार येईपर्यंत तिला घोड्यापासून लांब ठेवायची गरज नाही. खरारा करणं, आयाळ विंचरणं, पसरलेल्या तळहातावर गाजराचा तुकडा ठेवून भरवणं, हेही या कामाचाच भाग आहे, आणि जमिनीवर उभं राहून करता येतं. तिच्याबरोबर तुम्ही उभ्या राहा, घोड्याच्या खांद्यापाशी, त्याला तुम्ही दोघी दिसाल अशा. नाकासमोर आणि शेपटीमागे त्याला दिसत नाही, तिथे जायचं नाही. तुमच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला नक्की लिहा, फक्त रिपोर्टचा फोटो कमेंटमध्ये टाकू नका.