काडतूस भरायचं कागदासाठी की हरणासाठी?

नमस्कार मंडळी. आजचा व्हिडिओ पेनसिल्व्हेनियातल्या माझ्या घराच्या तळघरातून. मागे हे लाकडी टेबल दिसतंय, त्याच्या कडेला बोल्टने घट्ट आवळलेला हा लोखंडी दांड्याचा प्रेस. शेजारी तराजू आणि काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांचा ट्रे. घरी येणारे बरेच जण हे बघून दचकतात. "तू घरी काडतुसं बनवतोस?" हो, भरतो. रायफलची काडतुसं घरी भरणं हा इथे कायदेशीर छंद आहे आणि हजारो लोक तो करतात.

पण पहिल्यांदाच स्पष्ट सांगतो. भारतात हे बघून कुणी काही करायला जाऊ नका. आर्म्स ॲक्ट 1959 प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, आणि हरणाची शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. मी बोलतोय ते अमेरिकेतलं. इथेसुद्धा मी आज बंदुकीच्या दारूचं वजन, माप, आकडा काही देणार नाही. ते ज्याच्या त्याच्या रायफलप्रमाणे, दारू आणि गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या छापील पुस्तकातूनच घ्यायचं. व्हिडिओतून घ्यायचं नाही, माझ्याही नाही.

माझं आजोळ कोकणातलं. तिथे शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर ठासणीच्या बंदुका असायच्या, अजूनही आहेत. नळीत वरून दारू ओतायची, वर गोळी टाकायची, गजाने ठासायची. दर बार हाताने भरलेला. त्यामुळे 'हाताने भरणे' ही गोष्ट मला परकी वाटली नाही. फरक एवढाच की इथे ते सगळं पितळेच्या एका पुंगळीत बसतं.

कॅमेरा जरा जवळ आणतो. काडतुसाचे भाग चार. ही पुंगळी, साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. हा तिच्या बुडात बसणारा प्राइमर, चाप ओढल्यावर ठिणगी देणारा. ही दारू, बारीक काड्यांसारखी. आणि ही गोळी. मराठीत आपण पूर्ण काडतुसालाच गोळी म्हणतो, पण आज मी गोळी म्हणेन तेव्हा फक्त नळीतून बाहेर उडणारा हा टोकदार तुकडा. बार उडाल्यावर पितळ तुमच्याकडे राहतं. बाकीचे तीन भाग नवे घालायचे, म्हणजे काडतूस पुन्हा तयार.

वजन सगळं ग्रेनमध्ये. एका पौंडात 7000 ग्रेन. हे ऐकून डोक्यात काही चित्र उभं राहत नाही, मग मी मोठ्यांना असं सांगतो: जुना तोळा म्हणजे बरोबर 180 ग्रेन. आज सोनार दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, पण आजीच्या पाटल्या ज्या तोळ्याने मोजल्या तो 11.66 ग्रॅमचा. माझी लांब पल्ल्याची गोळी 175 ग्रेनची आहे, तोळ्याला पाच ग्रेन कमी. आणि दारू आम्ही ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतो.

इतकी बारकाई कशासाठी? पैसे वाचतात म्हणून हे सुरू करायला जाऊ नका. अवजारांत सुरुवातीलाच पैसे अडकतात, आणि 2020 नंतर इथे प्राइमर मिळेनासे झाले होते तेव्हा तर दुकानात कपाटं रिकामी होती. जास्त जोर मिळावा म्हणून तर मुळीच करू नका, बोटं आणि डोळे गमवायचा तो सोपा रस्ता आहे. हे करायचं सारखेपणासाठी. पहिलं काडतूस आणि पन्नासावं काडतूस, दोन्ही एकाच आईची लेकरं वाटली पाहिजेत.

हजार यार्डांचं उदाहरण घेऊ. हजार यार्ड म्हणजे 914 मीटर. .308 विंचेस्टर या काडतुसातून माझी 175 ग्रेनची गोळी नळीबाहेर पडते सेकंदाला सुमारे 2600 फुटांनी. तिकडे पोचायला तिला दीड सेकंदाहून जास्त लागतो, आणि तेवढ्या वेळात ती तीस फुटांहून जास्त खाली येते. म्हणजे तीन मजली घराइतकी. रायफलवरच्या दुर्बिणीचं चाक फिरवून आपण ते भरून काढतो. पण समजा एका काडतुसाची गोळी 20 फुटांनी हळू निघाली, एका टक्क्यापेक्षाही कमी फरक. लक्ष्यावर ती सहा-सात इंच खाली लागते. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या नेमबाजी स्पर्धेत हजार यार्डांवरचं दहा गुणांचं वर्तुळ दहा इंच व्यासाचं असतं. तुमचा श्वास बरोबर, चाप बरोबर, वारा बरोबर वाचलेला, आणि तरी गोळी वर्तुळाबाहेर. चूक त्या एका काडतुसाची.

हे खूळ इथलं जुनं आहे. 26 सप्टेंबर 1874 ला न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर नावाच्या मैदानावर अमेरिकन आणि आयरिश संघांचा सामना झाला, 800, 900 आणि 1000 यार्डांवर. अमेरिकन मागून भरायच्या रायफली घेऊन आले होते आणि आयरिश चक्क ठासणीच्या. निकाल 934 विरुद्ध 931. हजार यार्डांवर ठासणीच्या बंदुकीने तीन गुणांच्या फरकापर्यंत आलेली ती माणसं मला फार मोठी वाटतात. 2007 मध्ये आलेल्या 6.5 क्रीडमूर या काडतुसाचं नाव त्या मैदानावरून. आणि आमच्या पेनसिल्व्हेनियात, विल्यम्सपोर्टकडे, हजार यार्डांच्या बेंचरेस्टचा, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून नेम धरायच्या खेळाचा, क्लब 1967 पासून आहे. त्या डोंगराळ भागात खोऱ्याच्या या उतारावरून त्या उतारावरचं हरीण टिपणारे शिकारी होते, त्यामुळे हा नाद तिथे रुजला.

आता टेबलापाशी या. मला हे शिकवलं शेजारच्या आजोबांनी. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस, बोटांच्या टोकाला मायक्रोमीटर. त्यांनी पहिले दोन महिने मला दारूला हात लावू दिला नाही. नुसत्या पुंगळ्या.

बार उडाला की पुंगळी फुगून रायफलमधल्या, काडतूस बसतं त्या घराइतकी होते. तिला वंगण लावून पोलादी साच्यात दाबायची, म्हणजे ती पुन्हा मापात येते. पण किती दाबायची? जरुरीपेक्षा जास्त दाबली की दर वेळी पितळ ताणतं, आणि बुडापासून थोडं वर आतल्या बाजूने ते पातळ होत जातं. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून ही बघा, साध्या कागदाच्या क्लिपची तार, टोकाला वाकवलेली. ही आत घालून भिंतीवरून हळूच वर ओढायची. ऐका. या पुंगळीत ती सरळ सरकते. आता ही दुसरी. इथे अडकली, दिसलं? आत खाच पडली आहे. ही पुंगळी पुढच्या कुठल्यातरी बाराला दोन तुकडे होणार, आणि गरम वायू तुमच्या तोंडापासून वीतभर अंतरावर मागे फिरणार. हिची जागा पक्कडखाली. चेपून भंगारात टाकायची, "बघू एकदा वापरून" करायचं नाही.

मग लांबी मोजून कापणं, तोंडाच्या कडा साफ करणं, प्राइमर बसवणं. प्राइमर मी हातातल्या छोट्या अवजाराने बसवतो, कारण तो तळाला टेकला की बोटाला कळतं.

दारूचे नियम तीनच सांगतो. टेबलावर एका वेळी एकच डबा. पिस्तुलाची भरभर जळणारी दारू रायफलच्या पुंगळीत गेली तर रायफलच फुटते, आणि दोन्ही दारू दिसायला पुष्कळदा सारख्याच काळपट असतात. सुरुवात पुस्तकातल्या सर्वांत कमी मापापासून, वर चढायचं तर पायरीपायरीने, आणि बार काढल्यावर रायफलचा बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, जड उघडायला लागला किंवा प्राइमर चपटा दिसला की तिथेच थांबायचं. आणि पन्नास पुंगळ्या भरून झाल्या की गोळ्या बसवण्याआधी ट्रेवर वरून विजेरी मारायची. अशी. सगळ्यांत दारूची पातळी एकसारखी दिसली पाहिजे, विहिरीत डोकावल्यासारखं एकेकीत बघायचं. एखादी रिकामी किंवा जास्त भरलेली असेल तर इथे सापडते. मी भरताना फोन वरच्या मजल्यावर ठेवतो. कुणी बोलायला आलं तर हातातली पुंगळी रिकामी करून पुन्हा पहिल्यापासून. आणि दुसऱ्याने भरलेलं काडतूस भेट म्हणून आलं तरी आपल्या रायफलमध्ये घालायचं नाही, माणूस कितीही चांगला असो.

शेवटी गोळी बसवायची. लांबी मोजताना टोकापासून मोजू नका, टोकं थोडी वेडीवाकडी असतात. गोळीचा जो घेर नळीतल्या पिळाच्या खाचांना पहिला टेकतो, तिथून मोजायचं.

इथपर्यंत सगळं कागदाच्या लक्ष्यासाठी. आता हरणाकडे येतो, कारण खरं मला तेच सांगायचंय.

शिकारीच्या दुसऱ्या वर्षी मी माझ्या हजार यार्डांच्याच काडतुसांपैकी पाच घेऊन जंगलात गेलो. स्पर्धेत ती सुरेख चालली होती. मनात म्हटलं, जे हजारावर बरोबर लागतं ते शंभरावर चुकेल कसं? सव्वाशे यार्डांवर व्हाइटटेल जातीच्या हरणाचा नर आडवा उभा होता. गोळी खांद्यामागे, हवी तिथेच लागली. हरीण दचकलं आणि पळालं. रक्त म्हणाल तर पानांवर मोहरीएवढे थेंब, तेही दहा-दहा पावलांनी. आजोबा आणि मी तीन तास माग काढत होतो. शेवटी लॉरेलच्या झुडपात सापडलं. गोळी आरपार गेली होती, पेन्सिलने भोक पाडावं तशी. त्या जनावराने जे सोसलं ते माझ्या अडाणीपणामुळे. आजोबा एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी दोन गोळ्या उभ्या कापून माझ्यासमोर ठेवल्या.

त्याच या. डावीकडची स्पर्धेची. टोकाला सुईच्या अग्राएवढं भोक आहे, दिसतंय? लोकांना वाटतं टोक पोकळ म्हणजे गोळी आत जाऊन फुलणार. तसं नाही. हे तांब्याचं कवच बुडाकडून टोकाकडे आवळत आणलेलं असतं, कारण अचूकतेसाठी बूड निर्दोष लागतं. आवळता आवळता टोकाशी उरलेली फट म्हणजे हे भोक. आत गेल्यावर ती फुलेल, फुटेल की सरळ निघून जाईल, याचा भरवसा नाही. सिएरा कंपनी आपल्या मॅचकिंग गोळ्या शिकारीला वापरू नका असं स्वतःच सांगते.

उजवीकडची नॉस्लर पार्टिशन. 1946 मध्ये ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लर यांच्या गोळ्यांनी एक मोठा मूस (हरणाच्या कुळातलं थोराड जनावर) पडेना, अंगावरच्या वाळलेल्या चिखलावर आणि जाड कातड्यावरच त्या फुटत होत्या. त्यातून त्यांनी ही घडवली आणि 1948 मध्ये बाजारात आणली. बघा, शिशाचे दोन कप्पे आणि मध्ये तांब्याची आडवी भिंत. पुढचा कप्पा फुलतो, भिंतीमागचा शाबूत राहून खोल जातो. हरीण काही क्षणांत कोसळतं.

मी आता पूर्ण तांब्याची गोळी वापरतो, शिसं नाही. शिशाची गोळी हाडावर आपटली की कण मांसात दूरवर पसरतात, डोळ्यांना दिसत नाहीत. मार्च 2008 मध्ये नॉर्थ डकोटात गरजूंसाठी दान आलेला हरणाचा खिमा याच कारणाने टाकून द्यायला सांगितलं होतं. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून सगळ्या शिकारीला शिसं बंद आहे, शिकारीचे अवशेष खाऊन कॉन्डर गिधाडं मरत होती म्हणून. माझ्या घरी मुलं हे मांस खातात, मला वेगळं कारण लागलं नाही. मात्र तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते आणि पुंगळीत जास्त जागा खाते. शिशाच्या गोळीचं माप तिला लावायचं नाही, तिच्यासाठी दिलेलं माप वेगळं असतं.

जाता जाता कोल्हापूरकरांसाठी. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं तो 50 मीटरचा खेळ .22 चा. त्यात दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, नखाएवढं. ते काडतूस घरी भरताच येत नाही, कारण त्याचा पेटता मसाला बुडाच्या काठातच भरलेला असतो. म्हणून त्या खेळात कारखान्याचे वेगवेगळे लॉट, म्हणजे एका वेळी बनलेले घाणे, आपल्या रायफलमधून झाडून बघतात, आणि नळीला मानवलेला लॉट सापडला की त्याचीच खोकी घेऊन ठेवतात. शोध तोच, सारखेपणाचा.

आता ही माझी या वर्षीची पेटी. वीस काडतुसं. झाकणावरची चिठ्ठी वाचून दाखवतो: गोळी, दारूचा लॉट नंबर, पुंगळी कितव्यांदा भरली, तारीख. आमच्याकडे रायफलचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणानंतरच्या, शनिवारी उघडतो, पहाटे पाणी गोठलेलं असतं. जुलैच्या उकाड्यात जुळवलेली दारू त्या थंडीत थोडी मंद जळते. म्हणून ऑक्टोबरपासून दर शनिवारी सकाळी मी रेंजवर जातो आणि थंड नळीतून एकच बार टाकतो. एकच, कारण हरीण दुसरा देत नाही. तो कागद तारीख घालून वहीत चिकटवतो. गेल्या वर्षीची सहा पानं ही अशी. पाच भोकं हरणाच्या काळजाच्या मापात आहेत. एक बाहेर गेलं तेव्हा दुर्बिणीचा एक स्क्रू सैल निघाला. तो घट्ट केला, पुन्हा दोन शनिवार बघितलं, आणि मगच परवान्याचा टॅग खिशात घातला.

पुढच्या वेळी हा तराजू उघडून दाखवतो. भेटू.