मोहोरावर घेतलेली बाग

कोकणात आंब्याची बाग मोहोरावर घेतात बघा, म्हणजे झाडाला अजून एक फळ धरलेलं नसतं आणि व्यापारी नुसता मोहोर बघून आकडा सांगतो. तेल कंपनीचा शेअर घेणं बरंचसं असंच आहे. आज विहिरीतून किती बॅरल निघतंय ते उत्पादन, ते मोजता येतं. जमिनीखाली काढण्याजोगं किती उरलंय ते रिझर्व्ह, आणि तो शेवटी अंदाजच.

9 जानेवारी 2004, शुक्रवार. शेल या तेल कंपनीनं जाहीर केलं की आमच्या सिद्ध साठ्यातून, म्हणजे जे रिझर्व्ह जवळपास नक्की निघेल असं दाखवलं जातं त्यातून, 390 कोटी बॅरल आम्ही कमी करतोय, म्हणजे एकूण साठ्याच्या 20 टक्के. त्या दिवशी यामुळे एकही विहीर बंद झाली नाही, तेल आणि गॅस मिळून रोजचे साधारण 39 लाख बॅरल निघतच होते, तरी शेअर सात-आठ टक्के पडला. भागाकार करून बघा, कमी केलेला साठा हजार दिवसांच्या उत्पादनाएवढा होता.

मग तेल गेलं कुठे? कुठेच नाही. ऑस्ट्रेलियाजवळच्या समुद्रातलं गॉर्गन घ्या, तिथे गॅस खरोखर होता, पण गिऱ्हाईक ठरलेलं नव्हतं, प्रोजेक्टला शेवटची मंजुरी नव्हती, आणि अमेरिकेच्या एसईसीच्या, म्हणजे तिथल्या शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमात असा गॅस सिद्ध म्हणून दाखवता येत नाही.

मला विचाराल तर खरी मेख वेळेत आहे. एका बॅरलमागे 10 डॉलर सुटणार असतील पण ते 20 वर्षांनी, तर वर्षाला 10 टक्के व्याज धरून आज त्याची किंमत जेमतेम दीड डॉलर होते, म्हणून सगळे रिझर्व्ह गुणिले आजचा तेलाचा भाव असं करून शेअर स्वस्त आहे म्हणणारे हमखास चुकतात. आणि नुसतं उत्पादन बघणारेही चुकतात, कारण जुनी विहीर जोरात उपसली की चार वर्षं नफा झकास दिसतो आणि तेवढ्यात बागेतली झाडंच कमी होत जातात. वर्षभरात जेवढं उपसलं तेवढं नवीन साठ्यात आलं का, हे मी सगळ्यात आधी बघतो.

शेलमध्ये साठा फुगवून दाखवलाय हे आतल्या लोकांना माहीत होतं. उत्पादन विभागाचे प्रमुख व्हॅन डी व्हायव्हर यांनी नोव्हेंबर 2003 मध्येच चेअरमन फिल वॉट्स यांना मेल केला होता की साठ्यांबद्दल खोटं बोलून मी कंटाळलोय. मार्च 2004 मध्ये दोघांचंही पद गेलं, ऑगस्टमध्ये कंपनीला अमेरिकेत 12 कोटी डॉलर आणि ब्रिटनमध्ये 1 कोटी 70 लाख पौंड दंड बसला.

आणि गॉर्गन? मंजुरी 2009 ला मिळाली, आणि गॅसचं पहिलं जहाज तिथून जपानला निघालं ते मार्च 2016 मध्ये.